शेजारातून उमटणारा रंग : सेंद्रिय सहस्फटिकांची ओळख

क्विनोन पिवळे, हायड्रोक्विनोन पांढरे. दोन्ही अल्कोहोलात वेगवेगळी विरघळवून द्रावणे एकत्र केली की थोड्याच वेळात तळाशी काळपट हिरव्या सुया जमू लागतात आणि उजेडात धरल्यावर त्या धातूसारख्या चमकतात. जर्मन रसायनज्ञ फ्रीड्रिख व्होलर यांनी १८४४ मध्ये वर्णन केलेला हा पदार्थ म्हणजे क्विनहायड्रोन. तो पातळ द्रावणात गेला की हिरवा रंग नाहीसा होतो आणि पिवळे क्विनोन व रंगहीन हायड्रोक्विनोन पुन्हा सुटे होतात. दोघांमध्ये नवा सहसंयुजी बंध तयार झालेला नसतो. हिरवा रंग ना एकाचा, ना दुसऱ्याचा. दोन रेणू ठरावीक अंतरावर एकमेकांवर टेकलेले असतात तेवढ्यापुरताच तो असतो.

अशा स्फटिकांना विद्युतभार-हस्तांतरणी सहस्फटिक म्हणतात. सहस्फटिक म्हणजे दोन किंवा अधिक प्रकारचे रेणू ठरलेल्या प्रमाणात एकाच जाळीत बसलेला स्फटिक. त्यातला एक रेणू इलेक्ट्रॉन सहज सोडू शकतो, तो दाता. दुसऱ्याला इलेक्ट्रॉनची ओढ असते, तो ग्राही. दोघेही बहुधा चपट्या वलयांचे असतात आणि भाकऱ्यांच्या चळतीसारखे एकावर एक बसतात. त्यांना कोणी उचलून रचत नाही. द्रावण सावकाश आटत असताना दुबळ्या आकर्षणांच्या जोरावर ते आपले आपण जागा धरतात. या आपसूक जुळणीला स्वयंरचना म्हणतात, आणि रेणूच्या आतल्या बंधांऐवजी रेणूरेणूंमधल्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला अधिरेण्वीय म्हणजे सुप्रामॉलिक्युलर रसायन.

नाव जड असले तरी यातला एक सहस्फटिक रसायनशास्त्राच्या बीएस्सीच्या अनेक विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने केलेला असतो. ऑरगॅनिक स्पॉटिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये नॅप्थॅलिन ओळखायचे तर त्याचे पिक्रेट करायची जुनी पद्धत आहे. कपाटातल्या डांबरगोळीतले नॅप्थॅलिन ८० अंश सेल्सिअसला वितळते, पिक्रिक आम्ल १२२ अंशांना, आणि दोघांचे पिवळे पिक्रेट मात्र सुमारे १५० अंशांना. नॅप्थॅलिनच्या जागी अँथ्रासीन घेतले तर सुया लाल येतात. जर्नलमध्ये याची नोंद 'डेरिव्हेटिव्ह' अशी होते आणि विषय तिथेच मिटतो. हे डेरिव्हेटिव्ह नव्या बंधाचे संयुग नसून दोन रेणूंचा शेजार आहे, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

प्रयोगशाळेबाहेर पाहिले तर ठाणे ते कल्याण हा पट्टाही रंगांच्या धंद्याला अनोळखी नाही. १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोटेखानी समारंभात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, स्थापना झाली. त्याआधीपासूनच खाडीकाठाने आणि रेल्वेच्या दुतर्फा रसायनांचे कारखाने उभे राहू लागले होते. ठाण्याची कलर-केम, कल्याणची इंडियन डायस्टफ आणि अमर डाय-केम ही नावे जुन्या कामगारांच्या तोंडी अजून असतात. डोंबिवली एमआयडीसीत रंगांचे आणि त्यांच्या इंटरमीजिएट्सचे लहान-मोठे कारखाने पुढे वाढत गेले. या सगळ्या उद्योगाचा पाया एकच समजूत होती: रंग रेणूत असतो. ॲझो बंध घाला, वलये वाढवा, एखादा गट इकडून तिकडे न्या, की छटा बदलते. ही समजूत बरोबर आहे, पण अपुरी आहे. पिगमेंट बनवणाऱ्यांना अपुरेपणाची चाहूल आधीच लागलेली होती, कारण एकच थॅलोसायनिन निळा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत वेगवेगळी छटा देतो आणि गिऱ्हाईक छटेवरून माल परत पाठवते. सहस्फटिकांनी ही कडेची गोष्ट मध्यभागी आणली.

या पट्ट्यामागे एक विद्यापरंपराही आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, १९३३ मध्ये सुरू झाला तो बऱ्याच अंशी कापडगिरण्यांच्या गरजेतून. तिथे के. वेंकटरामन यांनी रंगरसायनाचे संशोधन रुजवले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यानंतर १९६६ मध्ये त्या जागी आलेले बी. डी. टिळक हेही यूडीसीटीतूनच आलेले रंगरसायनज्ञ. टिळकांनी १९६० मध्ये 'टेट्राहेड्रॉन' या नियतकालिकात जोडवलयी थायोफीनांच्या संश्लेषणावर लिहिले. हेतू होता कर्करोगकारक हायड्रोकार्बनांचे गंधकयुक्त भाऊबंद तपासण्याचा. इलेक्ट्रॉनिक्सचा त्यात विचारही नव्हता. आज बेंझोथायनो-बेंझोथायोफीन कुळातले जोडवलयी थायोफीन सेंद्रिय ट्रान्झिस्टरांतले आघाडीचे दाते आहेत आणि टीसीएनक्यू या ग्राहीबरोबर त्यांचे सहस्फटिक जगभर वाढवले जातात. पुण्या-मुंबईत ज्या जातीचे रेणू एका कामासाठी घडवले गेले, त्यांना दुसरे काम मिळाले ते शेजारी बदलल्यावर.

क्विनहायड्रोनचा रंग कशाचा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळायला शंभरावर वर्षे लागली. मधल्या काळात पॉल फायफर यांनी असे शेकडो 'रेणूसंयोग' जमवून त्यांवर ग्रंथ लिहिला, पण रेणूंना जोडणारी ओढ कोणती हे अंधारातच राहिले. १९४९ मध्ये बेनेसी आणि हिल्डेब्रँड यांनी बेंझीनमधल्या आयोडीनचा अभ्यास केला. वाफेत जांभळे दिसणारे आयोडीन बेंझीनमध्ये तांबूस होते आणि अतिनील भागात एक नवाच शोषणपट्टा देते, जो ना बेंझीनचा असतो ना आयोडीनचा. रॉबर्ट मुलिकन यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याचा अर्थ लावला. दाता आणि ग्राही शेजारी असताना प्रकाशाचा एक कण शोषला गेला, की इलेक्ट्रॉन दात्याकडून ग्राहीकडे उडी मारतो. उडीला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब सरळ आहे: दात्यातून इलेक्ट्रॉन उपटायला लागणारी ऊर्जा, वजा तो ग्राहीला मिळाल्यावर सुटणारी ऊर्जा, वजा नव्याने तयार झालेल्या धन-ऋण जोडीतले आकर्षण. दाता जितका उदार आणि ग्राही जितका हावरा, तितकी उडी सोपी आणि रंग गडद. अँथ्रासीनचे पिक्रेट नॅप्थॅलिनच्या पिक्रेटपेक्षा लाल का, याचे उत्तर याच वजाबाकीत आहे.

इथे नवा वाचक हमखास फसतो, म्हणून थोडे थांबणे बरे. उडी घडते ती प्रकाश शोषल्यावर. अंधारात ठेवलेल्या पिक्रेटमध्ये विद्युतभाराचे हस्तांतरण नगण्य असते. तिथे रेणूंना धरून ठेवण्याचे काम मुख्यतः स्थिरविद्युत आकर्षण आणि विक्षेपण बलेच करतात. १९९० मध्ये हंटर आणि सँडर्स यांनी वलयांच्या चळतींचे गणित स्थिरविद्युत बलांवरून मांडले, तेव्हापासून ही गोष्ट बरीच स्पष्ट झाली आहे. याचा सुंदर पुरावा त्याआधीच, १९६० मध्ये, मिळाला होता. बेंझीन आणि हेक्झाफ्लुओरोबेंझीन हे दोन्ही पातळ द्रव, दोघेही पाच-साडेपाच अंशांच्या आसपास गोठणारे. समप्रमाणात मिसळले की त्यांचा सहस्फटिक बनतो आणि तो वितळायला सुमारे २४ अंश लागतात. त्याला रंग नाही आणि त्यात इलेक्ट्रॉनाची म्हणावी अशी देवघेवही नाही. एका वलयाचे तोंड ऋण आणि दुसऱ्याचे धन, म्हणून ते चिकटतात. (ठाण्याच्या एप्रिलमध्ये हा स्फटिक पाहायचा तर एसीच्या खोलीतच पाहावा लागेल.) तेव्हा 'विद्युतभार-हस्तांतरणी' हे नाव रंगाला लागू पडते, जुळणीला नेहमीच नाही. विषयाचे नाव त्याच्या निम्म्याच भागाचे वर्णन करते. पण ते रूढ झाले आहे आणि आता बदलण्यात हशील नाही.

जुळणी कशीही होवो, चळत कोणत्या पद्धतीची यावर स्फटिकाचे सगळे नशीब ठरते. दाता, ग्राही, पुन्हा दाता, पुन्हा ग्राही अशी आळीपाळीची रचना ही मिश्र चळत. सगळे दाते एका चळतीत आणि सगळे ग्राही शेजारच्या दुसऱ्या चळतीत, ही विभक्त चळत. निसर्गाचा कल बहुतेक वेळा मिश्र चळतीकडे असतो, कारण धनाशेजारी ऋण सुखात असते. वीज वाहून नेणाऱ्यांना मात्र विभक्त चळत हवी असते. ही ओढाताण या विषयाच्या अर्ध्या इतिहासाचे कारण आहे.

वीजवाहक सेंद्रिय स्फटिकांची वाट जपानमध्ये उघडली. १९५४ मध्ये आकामातू, इनोकुची आणि मात्सुनागा यांनी पेरिलीन आणि ब्रोमीन यांच्या संयोगातून वीज चांगली वाहते हे दाखवले. तोवर सेंद्रिय पदार्थ म्हणजे रोधक, वायरीवरचे आवरण, असे गृहीतच होते. पुढे ड्यूपाँत कंपनीत १९६०च्या सुमारास टीसीएनक्यू हा जबर ग्राही तयार झाला, १९७० मध्ये टीटीएफ हा उदार दाता आला, आणि १९७३ मध्ये दोघांची गाठ पडली. टीटीएफ-टीसीएनक्यूच्या काळ्या सुयांमध्ये चळती विभक्त निघाल्या. इथे प्रकाश न पडताही दर टीटीएफ रेणूमागे सरासरी ०.५९ इलेक्ट्रॉन ग्राहीच्या चळतीत गेलेला असतो. म्हणजे चळत पूर्ण भरलेली नसते आणि पूर्ण रिकामीही नसते, आणि अर्धवट भरलेल्या वाटेवरूनच वाहतूक होते. चळतीच्या दिशेने या स्फटिकाची संवाहकता नेहमीच्या तापमानाला सेंटीमीटरमागे काहीशे सीमेन्स आहे. तांब्याच्या मानाने ती हजारपट कमी. पण कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि गंधक एवढ्याच मूलद्रव्यांच्या स्फटिकाने थंड करताच धातूसारखी अधिकाधिक वीज वाहू द्यावी, ही तेव्हा अचंब्याची गोष्ट होती. सुमारे ५४ केल्विनच्या खाली मात्र चळतीतले रेणू किंचित सरकतात, वाट बंद होते आणि स्फटिक रोधक बनतो.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने ६० केल्विनच्या आसपास प्रचंड संवाहकता मोजल्याचे जाहीर केले आणि अतिसंवाहकतेची कुजबूज सुरू झाली. इतर प्रयोगशाळांना तो आकडा मिळाला नाही. सुईसारख्या स्फटिकाला चार तारा नेमक्या कुठे जोडल्या यावरही मोजमाप फसते, हा धडा त्या वादातून मिळाला. खरी सेंद्रिय अतिसंवाहकता १९७९-८० मध्ये, ०.९ केल्विनला आणि सुमारे १२,००० वातावरणांच्या दाबाखाली, बेखगार्ड यांनी घडवलेल्या क्षारांत जेरोम यांच्या गटाला सापडली. हे क्षार सहस्फटिकांच्या कुंपणापलीकडचे आहेत, म्हणून त्यांचा विचार इथे एवढाच पुरे.

मिश्र चळतीला भौतिकीवाल्यांनी बराच काळ सावत्र वागवले. ते वागणे चुकीचे होते असे १९८१ नंतर म्हणावे लागते. जे. बी. टोरन्स यांना आयबीएममध्ये टीटीएफ आणि क्लोरॅनिल यांचा मिश्र चळतीचा स्फटिक थंड करताना दिसले, की सुमारे ८१ केल्विनला तो अचानक रंग बदलतो. वरच्या तापमानाला रेणू जवळजवळ उदासीन असतात, खालच्याला बरेचसे आयन होतात. संपूर्ण स्फटिक एकदम 'द्यायचे' ठरवतो. याच वाटेवर पुढे आपसूक उमटणाऱ्या आणि उलटवता येणाऱ्या विद्युतध्रुवणाचा, म्हणजे फेरोइलेक्ट्रिसिटीचा शोध सुरू झाला. २०१२ मध्ये फ्रेझर स्टॉडर्ट यांच्या गटाने हायड्रोजन बंधांनी हातात हात गुंफलेल्या सहस्फटिकांत नेहमीच्या तापमानाला फेरोइलेक्ट्रिसिटी मिळाल्याचे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. दोनच वर्षांत दाव्हिनो आणि व्हेर्स्त्रेट यांनी गणिताच्या आधारे त्यावर गंभीर शंका घेतली. या पुस्तकात दोन्ही बाजू येतात. पारडे शंकेकडे झुकते, आणि ते तसे दाखवलेही आहे.

वीजवाहकतेचा हा या विषयातला पहिला प्रवाह. दुसरा प्रवाह स्फटिकशास्त्राच्या अंगाने आला. 'स्फटिक-अभियांत्रिकी' हा शब्द पेपिन्स्की यांनी १९५५ मध्ये वापरला होता. गेरहार्ड श्मिट यांनी स्फटिकातली मांडणीच अभिक्रिया ठरवते हे दाखवून त्याला अर्थ दिला. या शास्त्राला शिस्त लावणाऱ्यांत गौतम देसिराजू यांचे नाव अग्रभागी येते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १९७२ मध्ये बीएस्सी झालेले देसिराजू पुढे हैदराबाद विद्यापीठात आणि नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. १९८९ चा त्यांचा ग्रंथ आणि १९९५ मध्ये त्यांनी मांडलेली 'अधिरेण्वीय सिंथॉन'ची कल्पना यांनी रेणूंच्या जुळणीला व्याकरण दिले. दोन कार्बॉक्सिलिक आम्ले समोरासमोर येऊन जोडी जमवतात, आम्ल पिरिडीनला धरते, आयोडीन नायट्रोजनाकडे वळते. अशा पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या जोड्या ओळखायच्या आणि त्यांच्या भरवशावर स्फटिक आखायचा. हायड्रोजन बंधाची आययूपॅकने २०११ मध्ये केलेली नवी व्याख्या आणि २०१३ मधली हॅलोजन बंधाची व्याख्या, दोन्हींमागच्या गटांत देसिराजू होते. हैदराबादचेच अश्विनी नांगिया या परंपरेतले. ते २०१६ मध्ये एनसीएलचे संचालक झाले. या प्रवाहाचा कच्चा माल म्हणजे केंब्रिजचा रचनासंग्रह. १९६५ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहाने २०१९ मध्ये दहा लाख रचनांचा टप्पा ओलांडला.

तिसरा प्रवाह द्रावणातला आहे. स्टॉडर्ट यांनी इलेक्ट्रॉन-भुकेल्या चौकोनी कड्यात उदार वलय आपसूक शिरते या साध्या ओढीवर साखळीसारखे गुंफलेले रेणू घडवले; त्यांच्या २०१६ च्या नोबेलमागे तीच ओढ आहे. भारतात बंगळूरला उदय मैत्र यांनी पायरीन आणि ट्रायनायट्रोफ्लुओरेनोन यांच्या जवळिकीतून रंगीत जेल बनवले, आणि जवाहरलाल नेहरू केंद्रात सुबी जॉर्ज यांच्या गटाने कोरोनीन व व्हायोलोजन यांच्या पाण्यात वाढणाऱ्या तंतूंवर काम केले. द्रावणात जुळणी कशी सुरू होते हे समजले तरच स्फटिकाचा पहिला अंकुर समजतो, म्हणून हा भाग पुस्तकात स्फटिकांच्या आधी घेतला आहे.

चौथा प्रवाह गेल्या पंधरा-वीस वर्षांतला, आणि बराचसा चीनमधला. तियानजिनचे हू वेनपिंग आणि त्यांचे सहकारी सहस्फटिकाकडे 'दोन रेणू मिळून तिसरा गुण' या नजरेने पाहतात: धन आणि ऋण दोन्ही भार वाहणारे ट्रान्झिस्टर, प्रकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेणाऱ्या सुया, सूर्यप्रकाश शोषून तापणारे काळे सहस्फटिक. गोष्ट आकर्षक आहे, पण निबंधांच्या संख्येवरून उपयोगाचा अंदाज बांधू नये. बाजारात पोहोचलेले उदाहरण जुने आहे: १९७० च्या आयबीएम कॉपियरच्या प्रकाशसंवेदी थरात पॉलिव्हिनाइल कार्बाझोल आणि ट्रायनायट्रोफ्लुओरेनोन यांचा असाच दाता-ग्राही संयोग होता, आणि तो स्फटिक नव्हता.

मग आज या विषयात शिरायचे कशासाठी? वागळे इस्टेटच्या गाळ्यांत बसून हा प्रश्न विचारला तर उत्तर औषधांच्या वाटेने येते. औषधाचा रेणू न बदलता त्याची विद्राव्यता, दमटपणात टिकाव, गोळी दाबली जाण्याचा गुण बदलायचा तर सहस्फटिक हा मार्ग आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्यासाठी मार्गदर्शिका काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या हृदयविकाराच्या एका औषधात सॅक्युबिट्रिल आणि व्हालसार्टन एकाच स्फटिकात बसलेले आहेत. हे स्फटिक रंगहीन असतात आणि त्यांत हायड्रोजन बंधांचे राज्य असते, पण प्रमाण ठरवणे, बहुरूपता ओळखणे, वाढ आवरणे ही कौशल्ये तीच लागतात. पेरिलीन आणि टीसीएनक्यू हीच जोडी १:१, २:१ आणि ३:१ अशा तीन प्रमाणांत स्फटिक देते आणि वीज वाहण्याची तऱ्हा प्रत्येकात निराळी असते. हे ज्याला समजले, त्याला क्यूसीच्या टेबलावर एका बॅचचा वितळणबिंदू अचानक वेगळा का आला, याचा विचार कुठून सुरू करायचा हेही समजते.

दुसरे कारण सांडपाण्याचे. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तो फोटो अनेकांना आठवत असेल. सहस्फटिक बनवायला द्रावक लागतोच असे नाही. लिंग आणि बेकर यांनी १८९३ मध्येच क्विनहायड्रोनच्या कुळातले पदार्थ नुसते कोरडे घोटून मिळवले होते. आज चेंडू-गिरणीत, दोन थेंब द्रावक घालून किंवा अजिबात न घालता, तेच काम मोठ्या प्रमाणावर होते. घोटण्याने कारखान्यांचे सगळे प्रश्न सुटतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण जी पायरी कोरडी करता येते ती ओली का करायची, हा प्रश्न या पट्ट्यात तरी विचारला गेला पाहिजे.

मराठीत या विषयावर सलग लेखन जवळजवळ नाही, म्हणून परिभाषेची निवड सांगणे भाग आहे. दाता, ग्राही, सहस्फटिक, चळत, स्वयंरचना हे शब्द सर्वत्र एकाच अर्थाने वापरले आहेत. टीटीएफ, टीसीएनक्यू, सिंथॉन यांना मराठी प्रतिशब्द घडवण्याचा अट्टहास केलेला नाही. प्रयोगशाळेत जे बोलले जाते तेच छापले आहे. क्वांटम गणित एका परिशिष्टापुरते ठेवले आहे, अतिसंवाहकतेचा सिद्धांत वगळला आहे, आणि संगणकाने स्फटिकरचना आधीच सांगण्याच्या प्रयत्नांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या दहा वर्षांत सर्वाधिक हालचाल तिथे दिसेल. अपेक्षित वाचक म्हणजे बीएस्सीचे रसायनशास्त्र झालेला कोणीही, मग तो विद्यार्थी असो, शिक्षक असो किंवा शिफ्ट संपवून लोकलने घरी जाणारा केमिस्ट.

पुस्तकातले प्रयोग साध्या प्रयोगशाळेत होतील असेच निवडले आहेत. पिक्रिक आम्ल कोरडे झाले की स्फोटक असते, म्हणून ते कुठेही घेतलेले नाही. पहिला प्रयोग क्विनहायड्रोनचाच आहे. क्विनोनची वाफ डोळ्यांना झोंबते आणि त्वचेवर डाग पडतात, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड यांशिवाय तो करू नये. पिवळी आणि पांढरी पूड समप्रमाणात खलात घ्यावी, हलक्या हाताने घोटावी, आणि पहिली हिरवी कड कितव्या मिनिटाला दिसली ते वहीत लिहून ठेवावे. चौथ्या प्रकरणात ती नोंद लागते.